धुऱ्यावरची बोर

प्रश्न : माझा चुलतभाऊ दरसाली वखरताना धुऱ्यातला, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधातला, एखादा तास (ओळ) कोरून घेते, पहिले ज्या धुऱ्यावरून बैलबंडी जायची तिथं आता पाय ठेवाले जागा नाही. यंदा तर धुऱ्यावरची बोर बी तोडली, म्हणते सावलीनं पऱ्हाटी (कपाशी) खुरटते. झाडं-पाखरं कशी गुण्यागोविंदानं राहतात, मग माणसालेच एवढी हाव अन् मीपणा काहून?
– एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, गुण्यागोविंदानं वगैरे काही नाही हो. ताडोब्यातला वाघ पण हद्द आखतो, झाडावर नखं ओढतो, मुतून ठेवतो, दुसरा नर घुसला तर कधी कधी जीव जाईस्तोवर भांडतो. पण तो तिकडं फिरकला नाही की वास उडाला अन् हद्द दुसऱ्याची, नातवापर्यंत केस चालत नाही. आमच्या घरचंच सांगतो, बाबा अन् काका दीड हात जागेसाठी अकरा वर्षं तारखा करत होते, दोघांचीही बैलजोडी त्यात गेली, अन् ती जागा आजही पडीत आहे, तरोटा उगवतो तिथं.

आता बोरीचं. तुमच्याकडं आठ-दहा तास पऱ्हाटीचे मग एक तास तुरीचा असंच असेल ना? तुरीचं मूळ खोल जातं, गाठींमधून हवेतलं नत्र धरतं, पानगळ जमिनीला मिळते. ती काही दानधर्म करत नाही, तिचं तिच्यापुरतंच चाललेलं असतं, पण त्यात दुसऱ्याचंही भागतं. बोरीची सावली पडते, काठाची दोन-चार झाडं खुरटतात हे खरंच आहे, पण तिच्याच फांदीवर कोतवाल पक्षी बसतो अन् तुरीवरच्या अळ्या टिपतो. कृषीवाले पक्षीथांबे म्हणून वावरात काड्या रोवायला सांगतात ते यासाठीच, म्हणजे जित्ती बोर तोडायची अन् मग वाळकी काडी रोवायची!

अन् माणसालाच हाव म्हणाल, तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या लोकांनी २०१३ मध्ये आपापली शेती ग्रामदानात ग्रामसभेला देऊन टाकली, तीही माणसंच. (माझी सही काही झाली नसती, खरं सांगतो.)

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखात टाका, खुणा पक्क्या होऊ द्या, पण त्याआधी एकदा चुलतभावाला घेऊन सकाळच्या पारी धुऱ्यावर जा, चहा सोबत न्या. बोर बुडापासून तोडली तरी पावसाळ्यात फुटवे येतात, तेवढे ढोरांपासून राखा. कुंपणाला तिच्याच काटेरी फांद्या चालतील, पडल्या असतील तिथंच अजून.