एफएल स्टुडिओवरून रीपरवर जायचंय, पण जुन्या फायलींचं काय?

राम राम भाऊ. तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरवर इतकी वर्षं अहिराणी लग्नगीतांचे बीट (तालाचे ठेके) केले, आता गावातल्या बायकांची कानबाईची (खानदेशात श्रावणात बसते ती देवी) गाणी ढोलकीसकट प्रत्यक्ष रेकॉर्ड करायची आहेत. मित्र म्हणतात रीपर हे दुसरं सॉफ्टवेअर घे. तर जावं का, गेल्यावर आवाज सुधारेल का, आणि जुन्या गाण्यांचं काय?

आधी आवाजाचं सांगतो. सुधारणार नाही. तीच फाईल, तेच प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे वाद्यांचे नि इफेक्टचे छोटे प्रोग्राम), तीच लेव्हल असेल तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तेच ऐकू येतं. 'अमक्याचा साउंड जाड येतो' हे ऐकून पैसे घालवू नका. फरक आहे तो कामाच्या पद्धतीत. एफएल १९९७ मध्ये फ्रूटीलूप्स म्हणून आलं आणि आजही त्याचा जीव पॅटर्नमध्ये आहे: चॅनल रॅकमध्ये तुकडा बांधायचा, प्लेलिस्टमध्ये मांडायचा. वरातीत डीजेवर वाजणाऱ्या गाण्याला याहून सोयीचं काही मला सापडलेलं नाही. रीपरमध्ये सगळं ट्रॅकपासून सुरू होतं: ट्रॅक घ्या, माईक लावा, रेकॉर्ड करा, मग कापाकापी. म्हणून कामाकडे बघून ठरवा. बहुतेक गाणी लूपवरचीच (तोच तुकडा फिरून फिरून वाजणारी) असतील आणि मधूनच एखादा गायक येत असेल, तर बदलूच नका. फक्त तुमची एडिशन, म्हणजे कुठली आवृत्ती विकत घेतलीय, ते बघा. फ्रूटी एडिशनमध्ये आवाज रेकॉर्ड करता येत नाही, प्रोड्युसरमध्ये येतो. पुढचे अपडेट एफएल आयुष्यभर फुकट देतं, तेव्हा एडिशन वाढवली की भागतं. पण तुमचं कामच बदललंय. कानबाईसाठी मी रीपरच सांगेन, आणि त्याचं खरं कारण लय आहे.

आपल्याकडे कानबाईच्या जागरणात एक जण ओळ काढते, बाकीच्या उचलतात, आणि गाणं रंगत जातं तशी लय चढत जाते. समजा मिनिटाला ९२ ठोक्यांवर धरलेलं गाणं शेवटी १०४ वर पोचतं. ही चूक नाही, तोच त्या गाण्याचा प्राण आहे. बीट करणाऱ्याचा पहिला विचार असतो बीपीएम (मिनिटाचे ठोके) ठरवायचा आणि कानात क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) द्यायचा. कृपा करून हे करू नका. क्लिक कानात गेला की बायका अवघडतात आणि गाणं शाळेतल्या कवितेसारखं सरळ होतं. मेट्रोनोम बंद ठेवा, सगळ्यांना एकत्र गाऊ द्या, ढोलकीला वेगळा माईक द्या आणि ती गळ्यांपासून थोडी लांब बसवा. एकीचा आवाज दुसरीच्या माईकमध्ये जाईल, जाऊ द्या.

मग घरी बसून गाण्याला ग्रिडवर (पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेषांवर) ओढायचं नाही, ग्रिडला गाण्यामागे न्यायचं. ऑल्ट-एंटर दाबून प्रोजेक्ट सेटिंग उघडा आणि टाइमबेस (ट्रॅकवरच्या गोष्टी वेळेला बांधायच्या की ठोक्यांना, ते) 'टाइम' करा. हे राहिलं तर टेम्पो बदलला की रेकॉर्ड केलेला आवाजही सरकतो आणि सगळा घोळ होतो. नंतर प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर शिफ्ट-सी दाबून टेम्पो मार्कर (तिथून लय बदलल्याची खूण) टाकत जा, रेषा ठोक्यावर बसेपर्यंत आकडा कमीजास्त करा. वेळखाऊ काम आहे, पण एकदा झालं की झालं. पुढे बासचा किंवा सिंथचा जो मिडी ट्रॅक (आवाज नाही, कुठला सूर कधी वाजवायचा याची नुसती नोंद) घ्याल, त्या ट्रॅकपुरता टाइमबेस 'बीट्स' करा. बास त्या बायकांबरोबर आपोआप चढत जातो. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा अंगावर काटा येईल, हे नक्की सांगतो.

आता जुन्या फायली. एफएलची फाईल रीपर उघडत नाही, आणि तशी गरजही नाही. पूर्ण झालेली गाणी आहेत तिथेच राहू द्या, एफएल काढून टाकू नका. फक्त अर्धवट गाणी आणा. त्यासाठी आधी प्रत्येक वाद्य मिक्सरच्या वेगळ्या ट्रॅकवर पाठवा, नाहीतर संबळ आणि सिंथ एकाच फाईलमध्ये येतील आणि मग वेगळे होणार नाहीत. मास्टरवरचे (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवरचे) इफेक्ट बंद करा. एक्सपोर्टमध्ये वेव्ह निवडून 'स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स' चालू करा, आणि 'लीव्ह रिमेंडर' ठेवा म्हणजे रिव्हर्बची (आवाज घुमण्याची) शेपटी कापली जाणार नाही. २४ बिट पुरे. गळ्याचा ट्रॅक इफेक्टसकट एकदा आणि कोरा एकदा, असा दोनदा काढा. सगळ्या फायली शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे रीपरमध्ये तोच बीपीएम लावून सुरुवातीलाच टाकल्या की जागच्या जागी बसतात.

सूर बदलायचे असतील तर मिडीही काढा. टूल्समधल्या मॅक्रोमध्ये 'प्रिपेअर फॉर मिडी एक्सपोर्ट' आहे. ते तुमची वाद्यं काढून त्यांच्या जागी मिडी आउट (स्वतः न वाजता सूर नुसते बाहेर पाठवणारं) बसवतं, म्हणून आधी वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि त्या कॉपीवरच चालवा. शिवाय एफएल स्वतःच रीपरमध्ये प्लगइन म्हणून उघडतं. मी बीटसाठी अजून तसंच करतो. तिथला पियानो रोल (सूर मांडायची खिडकी) सोडवत नाही.

रीपरची एक उणीव आधीच माहीत असू द्या: त्यासोबत वाद्यं जवळजवळ नाहीतच. तुमचे ढोल, हलगी, संबळचे सॅम्पल एका फोल्डरमध्ये गोळा करून न्या. बाहेरून घेतलेले ६४ बिट व्हीएसटी प्लगइन दोन्हीकडे चालतील. किमतीचं म्हणाल तर ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघता येतं, नंतर सवलतीचं लायसन्स ६० डॉलर. ते वैयक्तिक वापराला आणि वर्षाला २०,००० डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या धंद्याला चालतं, म्हणजे आपल्यासारख्यांना चालतं. एवढ्यात मिळत असताना क्रॅक (चोरीची कॉपी) अजिबात नको. लॉजिक हे सॉफ्टवेअर फक्त ॲपलच्या मशीनवर चालतं, तुमचा लॅपटॉप विंडोजचा आहे, तेव्हा तो विषय संपला. क्यूबेस हे सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण या कामासाठी एवढा खर्च करायची गरज मला दिसत नाही.

बदल लगीनसराईत करू नका. गिऱ्हाईक दारात उभं असताना नवं सॉफ्टवेअर शिकता येत नाही. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, तेव्हा एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत रीपरमध्येच करा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तोवर हात बसलेला असेल.

कानबाईच्या रात्री इंटरफेसचा (माईक लॅपटॉपला जोडायच्या पेटीचा) स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज उशीर न होता पोचवणारा) निवडा आणि बफर (आवाज थोडा साठवून पुढे पाठवायची जागा) १२८ ठेवा, मिक्स करताना १०२४ करा. घरात अर्थिंग नसेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा, हम (विजेची घूं घूं) बराच कमी होतो. आणि रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी प्रोजेक्ट सेव्ह करा, सेव्ह करताना वेगळं फोल्डर बनवण्याच्या खुणेवर टिक करा. नाहीतर सगळं रेकॉर्डिंग रीपरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडतं आणि कुठली फाईल कुठल्या गाण्याची ते शोधत बसावं लागतं.