मुस्लिम घरांत पाणी बसूनच का पितात? पाणी पिण्याचे आणखी कोणते शिष्टाचार आहेत?

मित्राकडे इफ्तारला गेला असता आपण उभ्यानेच पेला तोंडाला लावला, तेव्हा त्याच्या आजीने 'बैठके पियो, बेटा' असे म्हणून आपल्याला खाली बसवले. यात आपल्याकडून काही आगळीक घडली का, आणि असे आणखी कोणते नियम आहेत, असे आपण विचारले आहे. आगळीक मुळीच घडलेली नाही. माझ्या दादीने हेच वाक्य मला लहानपणी असंख्य वेळा ऐकवले आहे. घरच्या मुलाला जे सांगायचे तेच त्या आजींनी आपल्याला सांगितले, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मूलभूत गोष्टी आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतात. पेला उजव्या हातात घ्यावा, 'बिस्मिल्लाह' म्हणून सुरुवात करावी, बसून प्यावे, एका दमात न पिता तीन श्वासांत प्यावे आणि शेवटी 'अल्हम्दुलिल्लाह', म्हणजे सर्व स्तुती अल्लाहसाठी आहे, असे म्हणावे. सोन्याचांदीच्या भांड्यातून पिणे निषिद्ध आहे. रात्री पाण्याची भांडी झाकून ठेवावीत, झाकण नसेल तर निदान एखादी काडी तरी आडवी ठेवावी, असेही हदीसमध्ये सांगितले आहे. हदीस म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या उक्ती आणि कृतींच्या नोंदी, आणि हे बहुतेक सर्व शिष्टाचार तिथूनच आलेले आहेत.

बसून पिण्याबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण याविषयी आमच्यातही बरेच गैरसमज आहेत. उभे राहून पाणी पिऊ नये, अशा अर्थाची हदीस प्रेषितांचे सेवक हजरत अनस यांच्याकडून आलेली आहे. पण प्रेषितांनी मक्केतील पवित्र जमजम विहिरीचे पाणी उभ्याने प्यायल्याचे त्यांचे चुलतभाऊ इब्ने अब्बास सांगतात, आणि प्रेषितांचे जावई हजरत अली यांनी इराकमधील कूफा शहरात लोकांसमोर मुद्दाम उभ्याने पाणी पिऊन, लोक हे वाईट समजतात, पण मी प्रेषितांना असे करताना पाहिले आहे, असे सांगितल्याची नोंद इमाम बुखारी यांच्या प्रसिद्ध हदीस-संग्रहात आहे. या दोन्हींचा मेळ घालताना तेराव्या शतकातील दमास्कसचे विद्वान इमाम नववी यांनी असा निष्कर्ष काढला की, बसून पिणे श्रेयस्कर आहे, पण उभ्याने पिणाऱ्याला पाप लागत नाही. उभ्याने प्यायलेले पाणी गुडघ्यांत उतरते किंवा मूत्रपिंडे बिघडवते, असे सांगणारे संदेश मोबाइलवर सतत फिरत असतात. हदीसमध्ये गुडघ्यांचा उल्लेख कुठेही नाही, आणि सुन्नत, म्हणजे प्रेषितांनी घालून दिलेली रीत, पाळण्यासाठी अशा आधारांची गरजही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला स्वतःला सर्वांत भावतो तो श्वासाविषयीचा नियम. पाणी पिताना भांड्यात श्वास सोडू नये आणि पाण्यावर फुंकर मारू नये, असे प्रेषितांनी सांगितले, तेव्हा एकाने विचारले की, पाण्यात कचरा दिसला तर काय करावे? उत्तर आले, तेवढे पाणी ओतून टाक. त्यावर तो म्हणाला की, एका श्वासात माझी तहान भागत नाही. उत्तर आले, मग पेला तोंडापासून दूर कर आणि श्वास घे. जिथे एकच भांडे अनेकांच्या हातून फिरत असे, तिथे आपल्यानंतर पिणाऱ्याला किळस येऊ नये, ही काळजी या साध्या प्रश्नोत्तरांतून दिसते. पाण्याच्या मशकीला, म्हणजे कातडी पिशवीला, थेट तोंड लावून पिण्याची मनाईही याच विचाराला धरून आहे. म्हणून सर्वांसाठी ठेवलेली बाटली तोंडाला न लावता पाणी पेल्यात ओतून घ्यावे, असे मी माझ्या मुलांना सांगतो. गरम चहालाही हाच नियम लागू होतो. आमच्या घरी अब्बा चहा बशीत ओतून निववत असत, पण त्यावर फुंकर मारू देत नसत.

पाणी वाटण्याची रीत तर याहूनही विचार करण्यासारखी आहे. मदीनेत हजरत अनस यांच्या घरी एकदा विहिरीचे पाणी मिसळलेले दूध प्रेषितांना दिले गेले. डाव्या बाजूला हजरत अबू बक्र, म्हणजे त्यांचे सर्वांत निकटचे सोबती, बसले होते आणि उजव्या बाजूला एक बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळीतला, अरब होता. पिऊन झाल्यावर उरलेले दूध अबू बक्र यांना द्यावे, असे दुसरे सोबती हजरत उमर यांनी सुचवले. पण प्रेषितांनी ते त्या बेदुइनाच्या हाती दिले आणि आधी उजवीकडचा, मग त्याच्या उजवीकडचा, असा क्रम सांगितला. दुसऱ्या एका प्रसंगी उजवीकडे एक मुलगा आणि डावीकडे वडीलधारी मंडळी होती. तेव्हा प्रेषितांनी त्या मुलाची परवानगी मागितली, मुलाने आपला वाटा सोडण्यास नकार दिला, आणि पेला त्यालाच मिळाला. पंक्तीत मानाचे पान कोणाचे, यावरून रुसवेफुगवे होण्याची सवय असलेल्या आपल्या समाजात, सर्वच धर्मांच्या घरांत, हा प्रसंग वारंवार सांगितला गेला पाहिजे, असे मला वाटते.

पाजणाऱ्याने स्वतः सर्वांत शेवटी प्यावे, हाही नियम आहे. एका प्रवासात पाणी संपत आले असताना प्रेषित स्वतः पाणी ओतत होते आणि त्यांचे सोबती अबू कतादा ते लोकांना पाजत होते. सर्वांचे पिऊन झाल्यावर दोघेच उरले. आपण प्यायल्याशिवाय मी पिणार नाही, असे अबू कतादा म्हणाले, तेव्हा पाजणारा शेवटी पितो, असे सांगून प्रेषितांनी आधी त्यांना प्यायला लावले.

आपण मुस्लिम नसल्यामुळे यांपैकी काहीही आपल्यावर बंधनकारक नाही, आणि कोणताही समंजस यजमान तशी अपेक्षा ठेवणार नाही. पुन्हा इफ्तारला गेलात, तर अजान होईपर्यंत थांबावे, इतरांबरोबर खजूर घ्यावा आणि मग बसून, सावकाश पाणी प्यावे, म्हणजे आजींना बरे वाटेल. पेल्यात लागेल तेवढेच पाणी घ्यावे, कारण 'खा, प्या, पण उधळपट्टी करू नका' ही कुरआनची आज्ञा दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडाभोवती बसलेल्या, सर्वांच्या मनात असते. आणि पाणी वाटण्याचे काम आपल्याकडे आले, तर सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीपासून सुरुवात करून तिथून उजवीकडे जात राहावे व स्वतःचा पेला शेवटी भरावा.