संगणकशास्त्राच्या तासाला मुलांना शोधू द्यावे किती, सांगावे किती?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत संगणकशास्त्राची प्राथमिक ओळख करून देणारा विषय शिकवते. फळ्यावर प्रोग्राम लिहायचा आणि मुलांनी तो उतरवून घ्यायचा, हे थांबवून मी शोधाधारित अध्ययनाकडे वळले. परंतु 'तुम्हीच शोधून काढा' असे सांगितल्यावर दोघे-तिघे पुढे गेले आणि बाकीचे तासभर एरर मेसेज न्याहाळत बसले. हा विषयच या पद्धतीला अनुकूल नाही का?

उत्तर : विषय अनुकूल आहे, किंबहुना इतर अनेक विषयांपेक्षा अधिक, कारण येथे मुलाने बांधलेला अंदाज बरोबर की चूक हे संगणक तत्क्षणी सांगतो, त्यासाठी शिक्षकाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. आपल्या वर्गात अडले ते दुसरीकडे. नवशिक्या विद्यार्थ्याला अत्यल्प मार्गदर्शनावर सोडून देणे फलदायी ठरत नाही, असा आक्षेप किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये घेतला होता आणि आपला अनुभव त्याला दुजोराच देतो. मात्र भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्प्लस यांनी १९६० च्या दशकात विज्ञानशिक्षणासाठी मांडलेल्या अध्ययनचक्रात आधी निरीक्षण, मग त्यातून संकल्पना आणि शेवटी तिचा वापर असा क्रम आहे, आणि निरीक्षणासाठी काय समोर ठेवायचे हे शिक्षकच ठरवतो.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील एक उदाहरण घेऊ. वापरकर्त्याकडून दोन संख्या घेऊन त्यांची बेरीज छापणारा तीन ओळींचा प्रोग्राम मुलांना तयार द्यावा. ५ आणि ३ दिल्यावर उत्तर काय येईल, हे प्रत्येकाने प्रोग्राम चालवण्यापूर्वी वहीत लिहावे. बहुतेक जण ८ लिहितील आणि पडद्यावर येईल ५३. आता लगेच खुलासा करण्याचा मोह आवरावा; माझ्या मते या पद्धतीतला सर्वांत अवघड भाग हाच. त्याऐवजी पुढचे नेमके प्रश्न द्यावेत : बेरजेच्या जागी पहिल्या संख्येला ३ ने गुणले तर काय होते? (५५५ येते.) वजाबाकी केली तर? (एरर येतो.) आणि संख्या वापरकर्त्याकडून न घेता प्रोग्राममध्येच लिहिल्या तर? (आता ८ येते.) एवढी सामग्री हाती आल्यावर तिघांच्या गटात चर्चा होऊन, कीबोर्डवरून आलेले ५ हे पायथनच्या दृष्टीने संख्या नसून मजकूर आहे, हा नियम मुले आपल्या शब्दांत मांडू शकतात. 'स्ट्रिंग' (मजकूर) आणि 'इंटिजर' (पूर्णांक) ही नावे त्यानंतर सांगावीत. शेवटी त्याच प्रोग्राममध्ये दुरुस्ती करून ८ मिळवायला सांगावे, आणि मगच नवा प्रोग्राम लिहायला द्यावा.

अंदाज वहीत लिहून घेणे वगळू नये. तो लिहिलेला नसला, की उत्तर पाहिल्यावर 'मला तसेच वाटले होते' असे म्हणणे फार सोपे होते.

प्रश्न : अशाने अभ्यासक्रम कसा पूर्ण होणार?

उत्तर : सर्वच गोष्टी शोधायला लावल्या तर होणार नाही, आणि तसे करूही नये. अटीच्या ओळीशेवटी कोलन द्यावा लागतो, चलाच्या (व्हेरिएबलच्या) नावात मोकळी जागा चालत नाही, हे संकेत आहेत. ते सरळ सांगून मोकळे व्हावे. ज्यामागे तर्क आहे त्यासाठी वेळ राखून ठेवावा. १ ते १००० मधील मनात धरलेली संख्या 'मोठी', 'लहान' एवढ्याच उत्तरांवरून ओळखण्याचा खेळ मुलांना संगणकाविना खेळू द्यावा. दर वेळी उरलेल्यांतील मधली संख्या विचारली तर १० प्रयत्न पुरतात, हे त्यांनी हेरले की १० लाखांपर्यंतच्या संख्यांसाठी किती लागतील, असे विचारावे. कोणी १० हजार म्हणेल. निम्मे-निम्मे करत २० वर पोहोचलेला गट बायनरी सर्च, म्हणजे शोधाची हीच पद्धत, सहसा विसरत नाही.

प्रश्न : गटात एकच हुशार विद्यार्थी सगळे करून टाकतो. त्यावर उपाय?

उत्तर : गटाला एकच संगणक द्यावा आणि कामे वाटून द्यावीत : एकाने टंकलेखन, दुसऱ्याने निरीक्षणांची नोंद, तिसऱ्याने गटाचा निष्कर्ष वर्गापुढे मांडणे. दर तासाला ती बदलावीत. जो झपाट्याने पुढे जातो त्याच्याकडे कीबोर्ड शक्यतो शेवटी द्यावा.