डॅशहुंडचे मागचे पाय एका रात्रीत गेले. ऑपरेशन करावं, वाट पाहावी, की त्याला कायमचं झोपवावं?

तुम्ही लिहिलंय की मोत्या ५ वर्षांचा आहे, सगळ्या लसी वेळेवर झाल्यात. परवा रात्री सोफ्यावरून उडी मारताना केकाटला, रात्रभर कण्हत होता आणि सकाळी मागचे दोन्ही पाय फरफटत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. एक्स-रेत 'मणक्यातला गॅप कमी झालाय' असं निघालं, एक इंजेक्शन मिळालं, आणि कुणीतरी म्हणालं की एवढे हाल करण्यापेक्षा झोपवलेलं बरं. मी पुण्यात २२ वर्षं कुत्र्या-मांजरांच्या हाडांची आणि मणक्यांची ऑपरेशनं करतो. मोत्याला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला नेमकं काय झालंय ते इथून सांगणार नाही. पण तुमच्या वर्णनावरून ही बहुधा मणक्यातली गादी फुटून मज्जारज्जूवर दाबल्याची केस आहे, आणि तसं असेल तर पुढचं जवळजवळ सगळं एका गोष्टीवर ठरतं. ती गोष्ट एक्स-रेत दिसत नाही.

मागच्या पायाचं बोट हाडापर्यंत जोरात दाबलं, तर मोत्याला दुखतं का?

हे घरी पकडीने करून बघू नका. डॉक्टरांना तुमच्यासमोर करायला सांगा. ते आर्टरी फोर्सेप्सने, म्हणजे ऑपरेशनच्या चिमट्याने, दोन्ही पायांची बोटं दाबतील, शेपूटही दाबतील. तुम्ही तेव्हा पायाकडे बघू नका, मोत्याच्या तोंडाकडे बघा. पाय आखडून घेणं म्हणजे दुखणं नव्हे. बोटाकडून निघालेला संदेश कमरेतल्या मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच स्नायूला हुकूम सुटतो. मेंदूला त्याची खबरही नसते. वरचा रस्ता पूर्ण तुटलेल्या कुत्र्याचा पायही झटकन मागे जातो. दुखलं असेल तर तो मान वळवून बघेल, गुरगुरेल, चावायला येईल, ओठ चाटेल, निदान डोळ्यांच्या बाहुल्या तरी मोठ्या होतील. यातलं काहीतरी दिसलं तरच दुखण्याची जाणीव शाबूत आहे असं म्हणायचं.

हा फरक मी एका कुत्रीकडून शिकलो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे चिंगी नावाची डॅशहुंड आली होती. बोट दाबलं, पाय मागे गेला, आणि मी घरच्यांना छातीठोकपणे सांगितलं की जाणीव आहे, आठ दिवस विश्रांती द्या, उठेल. चौथ्या दिवशी माझ्या वरिष्ठांनी तेच बोट दाबलं आणि माझी हनुवटी धरून चिंगीच्या चेहऱ्याकडे वळवली. ती खिडकीबाहेर बघत होती. पाय आखडत होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. पहिल्याच दिवशी ऑपरेशन झालं असतं तर ती नक्की चालली असती असं मी म्हणत नाही, पण ती संधी माझ्या चुकीने गेली. पुढची सहा वर्षं ती एका सायकलवाल्याने बनवून दिलेल्या दोनचाकी गाड्यावर राहिली.

आता आकडे. जाणीव असेल, पाय अजिबात हलत नसले तरी, तर ऑपरेशननंतर दहातले साधारण नऊ कुत्रे पुन्हा चालतात. ऑपरेशन न करता नुसत्या कडक विश्रांतीवरही निम्म्याहून अधिक चालतात, मात्र वेळ जास्त लागतो, चाल पुरती सुधारेलच असं नाही आणि दुखणं परत उलटण्याची भीती मोठी असते. जाणीव गेली असेल तर ऑपरेशन करूनही साधारण पन्नास ते साठ टक्के चालतात, त्यातल्या काहींचा लघवी-शीवरचा ताबा पूर्ण येत नाही. ऑपरेशनविना हा आकडा पुष्कळ खाली जातो. म्हणून जाणीव नसेल तर मी थांबायला सांगत नाही, त्याच दिवशी निघा म्हणतो. जाणीव असेल तर तुमच्याकडे विचार करायला थोडी उसंत आहे, पण तपासणी दर काही तासांनी पुन्हा करून घ्यायची. आज असलेली जाणीव उद्या सकाळी जाऊ शकते.

उडीबद्दल तुम्ही स्वतःला खूप दोष दिलाय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. दोन मणक्यांमधल्या गादीचा गाभा शहाळ्यातल्या मलईसारखा मऊ, पाणीदार असतो. बहुतेक जातींमध्ये तो म्हातारपणापर्यंत बराचसा तसाच राहतो. डॅशहुंडमध्ये वयाच्या पहिल्या वर्षातच तो सुकायला लागतो, पुढे त्यात कॅल्शियम साचतं आणि मलईचं खोबरं होतं. अशी गादी धक्का सोसत नाही. तिचं वरचं वेष्टण फाटतं आणि आतला माल वर, मज्जारज्जूच्या नळीत उसळतो. ऑपरेशनमध्ये मी तो काढतो तेव्हा हाताला भिजलेल्या चुन्यासारखा लागतो. स्वीडनचे पशुवैद्य हान्सन यांनी १९५२ मध्ये या प्रकाराचं नीट वर्गीकरण केलं, आणि २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यामागचं जनुकीय कारण दाखवलं: एफजीएफ-४ या जनुकाची एक जादा प्रत, कुत्र्याच्या बाराव्या गुणसूत्रावर जाऊन बसलेली. फ्रेंच बुलडॉग, बीगल, पेकिनीज, कॉकर यांच्यातही ती सापडते. मोत्याची गादी उडीच्या कितीतरी आधी वाळलेली होती. ती सोफ्यावरून फुटली, तशी अंगणात शेपटीमागे गोल फिरतानाही फुटली असती.

जागाही बहुधा ठरलेली असते. कुत्र्याला छातीचे १३ आणि कमरेचे ७ मणके. छातीच्या बऱ्याच भागात दोन्ही बाजूंच्या बरगड्यांना जोडणारा एक बंध गादीवरून आडवा जातो आणि तिला वर उसळू देत नाही. तो बंध संपतो आणि बरगड्या सुटून कंबर लागते, तिथेच बहुतेक गाद्या फुटतात. डॉक्टर पाठीवरची कातडी चिमटीत धरत कमरेकडून खांद्याकडे जातात ते हेच शोधायला. माशी बसली की गाय कातडी थरथरवते, तीच थरथर कुत्र्यालाही असते. दुखापतीच्या खालच्या भागात चिमटा काढला तर ती येत नाही, वर गेलं की येते. ही रेघ कुठे आहे ते आजच्या तारखेनिशी लिहून ठेवायला सांगा. तिचं कारण खाली येईल.

एक्स-रेवर ऑपरेशन ठरवू नका. त्यात हाडं दिसतात, गादी आणि मज्जारज्जू दिसत नाहीत; मणका मोडलेला नाही ना, एवढं पाहायला तो उपयोगी. नेमकी जागा आणि बाजू कळायला एमआरआय किंवा सीटी लागतो, कारण ऑपरेशनमध्ये मणक्याच्या एकाच बाजूची कमान कापून खिडकी करायची असते. तुम्ही कऱ्हाडला आहात. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला पुण्याच्या वाटेवर आहे, तिथल्या शल्यचिकित्सा विभागाला आधी फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा: स्कॅनची सोय कुठे होईल, आणि मणक्याचं ऑपरेशन करणारा सर्जन आज आहे का. नुसतं 'घेऊन या' ऐकून गाडी काढू नका. नेताना त्याला फळीवर किंवा कडक पुठ्ठ्यावर झोपवा, चादरीने हलकं बांधा. कडेवर उचलून, पाठ लोंबकळत नेऊ नका.

दिलेलं इंजेक्शन कोणतं होतं, हे आजच विचारून कागदावर लिहून घ्या. स्टिरॉइड असेल तर घाबरू नका, आपल्याकडे ते सर्रास दिलं जातं. पण या आजारात ते नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये असं अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिनच्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलंय. खरा धोका पुढचा आहे. स्टिरॉइडच्या जोडीला मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक गेलं तर जठर-आतड्यांना जखमा होतात, भोकंही पडतात. पाठीचं दुखणं सुधारत असताना पोटाने गेलेले कुत्रे मी पाहिलेत. घरातल्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक तर मुळीच देऊ नका. (गुरांना दिलेल्या याच डायक्लोफिनॅकमुळे, त्यांची मढी खाऊन, आपली गिधाडं जवळजवळ संपली आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याचं उत्पादन थांबवलं.) तेल लावून चोळणं, हाडवैद्याकडून पाठ ओढून घेणं हेही नको, फुटलेल्या गादीतला उरलेला माल त्याने बाहेर येतो.

ऑपरेशन जमणार नसेल, पैशामुळे किंवा अंतरामुळे, तर त्यात कमीपणा मानू नका. खर्च मोठा आहे हे मला माहीत आहे. तेव्हा जाणीव असलेल्या कुत्र्याला निदान चार आठवडे पिंजऱ्यात ठेवायचं. पिंजरा म्हणजे उभं राहता येईल, वळता येईल, धावता येणार नाही एवढी जागा. तिसऱ्या दिवशी दुखणं कमी झालं की घरात कुणाला तरी दया येते आणि त्याला मोकळं सोडलं जातं. बरे होत आलेले कुत्रे पुन्हा लुळे होतात ते बहुधा तेव्हाच.

आणि लघवी. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण पाय सगळे बघतात आणि मूत्राशय कुणीच बघत नाही. मोत्या अंथरूण ओलं करतोय म्हणजे त्याला लघवी होतेय असं तुम्ही समजला आहात. बहुतेक वेळा ती टाकी भरून वाहण्यासारखी गत असते: तोंड आवळलेलं, आत तुडुंब, आणि वरचं तेवढं ठिबकतंय. असं दिवसेंदिवस राहिलं तर मूत्राशयाचा स्नायू ताणून कायमचा सैल पडतो आणि लघवीत जंतू वाढतात. दिवसातून तीन-चार वेळा, रात्री झोपण्यापूर्वी एकदा नक्की, ते हाताने रिकामं करावं लागतं. मागच्या मांड्यांच्या थोडं पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंनी तळहात ठेवले की आत मोसंबीसारखा गोळा लागतो. तो हळूहळू, एकसारखा दाबायचा. झटका द्यायचा नाही, आणि दाबूनही येत नसेल तर जोर वाढवायचा नाही. तेव्हा नळीच लागते. डॉक्टरांचे हात तुमच्या हातांवर ठेवून एकदा शिकून घ्या, वाचून हे जमत नाही. खाली जाड गादी, दर तीन-चार तासांनी कूस बदलणं, ओलं लागलं की पुसून कोरडं करणं. घरातल्या कुणा एकाचं नाव या कामावर पक्कं करा.

हे उत्तर पुढे दुसरंही कुणी वाचेल म्हणून थोडं. मोठा कुत्रा खेळता खेळता केकाटून बसला, एका बाजूचा पाय जास्त गेलाय, पण तासाभरात दुखणं थांबलं आणि दुसऱ्या दिवसानंतर वाढलं नाही, तर मणक्यातल्या गादीच्या कणाने मज्जारज्जूची रक्तवाहिनी तुंबलेली असू शकते; त्याला ऑपरेशन लागत नाही. म्हातारा जर्मन शेफर्ड महिनोन्महिने, न दुखता, नखं घासत चालतोय तर तो वेगळाच आजार. मांजर अचानक ओरडून मागच्या पायांनी बसलं आणि त्याचे पंजे गार, तळव्यांच्या गाद्या निळसर असतील, तर ते बहुधा मणक्याचं नाही. हृदयातली गुठळी महाधमनीच्या टोकाशी अडकलेली असते आणि तेव्हा एकेक मिनिट मोलाचं. आणि लस न झालेला कुत्रा मागून लुळा पडत जातोय, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, तर घशात हाड अडकलं समजून तोंडात हात घालू नका. पिसाळण्याचा मुका प्रकार असाच दिसतो. कुणाचा हात लागला असेल, लाळ उडाली असेल, तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि माणसांच्या दवाखान्यात जा.

झोपवण्याबद्दल तुम्ही सरळ विचारलंय, मी सरळ सांगतो. एका अवस्थेत मी स्वतः ते सुचवतो. जाणीव गेलेल्या दहातल्या साधारण एकाचा मज्जारज्जू दुखापतीच्या जागेपासून पुढे आणि मागे विरघळत जातो. फ्रेंच बुलडॉगमध्ये हे प्रमाण जास्त. पहिल्या काही दिवसांतच ती कातडीच्या थरथरीची रेघ खांद्यांकडे सरकते, पोट सैल पडतं, ताप येतो, मग पुढचे पाय जातात आणि शेवटी श्वास. यावर उपाय नाही, आणि शेवटपर्यंत थांबणं म्हणजे त्याला गुदमरू देणं. म्हणून ती रेघ लिहून ठेवायला सांगितली. पण रेघ जागेवर असेल, मोत्या खात असेल, तुम्ही आलात की मान वर करत असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झोपवायची घाई कुणी सांगितली म्हणून करू नका.

तुम्ही शेवटी लिहिलंय की कामावरून आल्यावर तो बघतो पण शेपूट हलत नाही. ते बघत राहा. लघवी काढताना शेपूट हलली तर ती जमेस धरू नका, ती खालच्या खाली होणारी हालचाल असते. त्याला हात न लावता, दारातून नेहमीच्या आवाजात नाव घ्या. आवाज ऐकून शेपूट हलली, अगदी टोक जरी हललं, तर मेंदूचा निरोप दुखापत ओलांडून खाली पोचलाय. पाय हलण्याच्या आधी पुष्कळदा तेच दिसतं. दिसलं तर दिवस आणि वेळ लिहून ठेवा, आणि इथे मलाही कळवा.