बुडबुडा फुटतो की आत कोसळतो?

प्रश्न असा आहे: ‘अल्ट्रासाऊंड वापरून नॅनोकण आणि उत्प्रेरक कसे बनवतात, यावर मराठीत लेख लिहितो आहे. या लहरींना श्राव्यातीत म्हणू की स्वनातीत? आणि कॅव्हिटेशनसाठी “बुडबुडे फुटणे” चालेल का?’

पहिल्या शंकेचं उत्तर सोपं आहे. श्राव्यातीत म्हणा. माणसाच्या कानाला ऐकू येण्यापलीकडचा, म्हणजे साधारण २० किलोहर्ट्झच्या वरचा ध्वनी, एवढंच त्यात अभिप्रेत आहे. ‘स्वनातीत’ मराठीत रुळला तो विमानांमुळे, ध्वनीहून जास्त वेगासाठी. श्राव्यातीत लहर मात्र पाण्यातून इतर कुठल्याही ध्वनीसारखीच, सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जाते. तिला स्वनातीत म्हटलं की वाचकाचा उगाच गैरसमज होतो. हिंदीतल्या ‘पराश्रव्य’मध्येही श्रवणच आहे, वेग नाही.

दुसरी शंका जास्त मोलाची आहे. ‘फुटणे’ कृपा करून नको. मराठीत फुटणारी गोष्ट बाहेर पडते, उधळते: फुगा फुटतो, बांध फुटतो. कॅव्हिटेशनमध्ये जे घडतं ते नेमकं उलट आहे. लहरीच्या ताणाच्या टप्प्यात द्रव ओढला जातो आणि त्यात सूक्ष्म बुडबुडा तयार होतो. काही आवर्तनांत तो फुगत जातो, २० किलोहर्ट्झला साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनपर्यंत. मग दाबाचा टप्पा येतो आणि भोवतालचा द्रव चहूबाजूंनी आत धावतो. आतली वाफ आणि वायू इतक्या झटकन दाबले जातात की उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. एक मायक्रोसेकंदही न टिकणाऱ्या त्या क्षणी आतलं तापमान सुमारे ५००० केल्विनवर जातं, दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या शेकडो पटींवर, आणि भांड्यातला बाकीचा द्रव जवळपास थंडच असतो. द्रवातली गोल पोकळी मिटताना किती दाब निर्माण होतो, याचं गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं होतं.

म्हणून मी ‘बुडबुडा आत कोसळतो’ असं लिहीन. ‘मिटतो’ही चालेल, पण मिटण्यात हळुवारपणा आहे, डोळे मिटतात, फुलं मिटतात, इथे धडक आहे. ‘पोकळी निर्माण होणे’ ही अर्धीच गोष्ट. नुसत्या पोकळीने काही होत नाही, काम करतं ते कोसळणं. नाम म्हणून कॅव्हिटेशन खुशाल ठेवा आणि पहिल्याच उल्लेखात क्रियापदाने ते उलगडा.

हे क्रियापद नेमकं असलं की तुमच्या लेखातलं रसायनशास्त्रही आपोआप नीट उभं राहतं. इलिनॉय विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ केनेथ सस्लिक आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम घ्या. लोहाचं पेंटाकार्बोनिल हे बाष्पशील, म्हणजे सहज वाफ होणारं संयुग डेकेन या द्रव हायड्रोकार्बनमध्ये घेऊन त्यावर श्राव्यातीत लहरी सोडल्या. संयुगाची वाफ बुडबुड्यात शिरते, कोसळताना रेणू तुटतो, लोहाचे अणू सुटे होतात. पुढच्याच क्षणी ते सेकंदाला अब्जावधी अंश अशा दराने थंड होतात. स्फटिकाच्या शिस्तीत रचून बसायला त्यांना सवड मिळत नाही आणि हाती येतं ते अस्फटिकी, सच्छिद्र लोह. ऑलिक आम्लासारखा धरून ठेवणारा पदार्थ सोबत असेल तर कण एकमेकांना चिकटत नाहीत, नॅनोकणांचा कलिल, म्हणजे द्रवात तरंगत राहणाऱ्या कणांचं मिश्रण, मिळतो. ‘फुटतो’ असं लिहिलंत तर ही एवढी उष्णता आली कुठून, हे वाचकाला कळणारच नाही.

आणखी एक. ‘ध्वनीने रेणू तोडला’ असंही लिहू नका. २० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी पाण्यात साडेसात सेंटिमीटर भरते. रेणूच्या मापाशी तिचा काही मेळ नाही. ऊर्जा एकवटणारा दुवा बुडबुडा आहे, तो वाक्यात दिसलाच पाहिजे.

उत्प्रेरकांच्या भागात कोसळण्याचा वेगळा परिणाम येईल. द्रवात धातूची बारीक भुकटी असेल तर बुडबुडे कोसळताना उठणाऱ्या आघातलहरींमुळे कण एकमेकांवर आदळतात. निकेलच्या कणांवरचा ऑक्साईडचा पापुद्रा असा निघून जातो आणि उत्प्रेरक म्हणून निकेल कितीतरी जास्त कामाचं होतं. इथे ‘घासून निघणे’ हे साधं क्रियापद उत्तम बसतं.

या सगळ्या शाखेला ‘ध्वनिरसायन’ हा शब्द छान आहे, जपून मात्र वापरा. श्राव्यातीत लहरींनी द्रावणाचं धुकं करून ते तापलेल्या भट्टीतून नेण्याचीही एक पद्धत आहे. त्यात लहरींचं काम थेंब पाडण्यापुरतं, रसायन घडवते भट्टीची उष्णता. तिथे ‘श्राव्यातीत फवारणी’ असं लिहा.