बरीच वर्षं दुकानात पडून राहिलेलं, एकदाही न वापरलेलं महागडं स्विस घड्याळ घ्यावं का?

घ्या, पण सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच. तुम्ही लिहिलंय, ‘स्टिकरसुद्धा निघालेलं नाही, म्हणजे आत काही खराब झालं असण्याचा प्रश्नच नाही ना?’ नेमक्या याच वाक्यावरून आमच्या घरात अजून वाद होतात, म्हणून लिहायला बसलो.

माझे वडील, अण्णा, कोल्हापुरात घड्याळजी होते. माझे दाजी तेव्हा दुबईत नोकरीला. तिथल्या एका दुकानाच्या शोकेसमध्ये कित्येक वर्षं पडून असलेलं स्विस ऑटोमॅटिक त्यांना घसघशीत सवलतीत मिळालं. पेटी, गॅरंटी कार्ड, स्टिकर, सगळं जागच्या जागी. दिवाळीला आले तेव्हा कौतुकाने अण्णांच्या हातात दिलं. मागचं झाकण काचेचं होतं. अण्णांनी भरपूर चावी दिली, डोळ्याला काच लावून बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे झुलत वेळ राखणाऱ्या चाकाचा, झोका बघितला आणि एवढंच म्हणाले, “झोका कमी पडतोय. तेल गेलंय. ऑइलिंग केल्याशिवाय रोज वापरू नका.” त्यावर दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, “अण्णा, हे काय एचएमटी आहे होय? कंपनीचं सील आहे, उघडलं की किंमत पडली.” अण्णा पुढे काही बोलले नाहीत. मला ते आजही लागतं.

अशी बहुतेक यंत्रं तासाला 28,800 ठोके देतात, म्हणजे सेकंदाला 8. त्या वेगाने फिरणाऱ्या चाकांच्या केसाएवढ्या बारीक टोकांना माणकांच्या भोकात जे तेल असतं, ते टाचणीच्या टोकावर मावेल इतकं. घड्याळ चालो न चालो, वर्षं गेली की ते पसरतं, घट्ट होतं. बंद घड्याळ झिजत नाही हे खरं, पण कोरड्या यंत्राला रोज चालवायला लागलात की झीज तिथून सुरू होते. शिवाय शोकेसमधल्या दिव्यांच्या उष्णतेने पाणी आत जाऊ न देणारं रबरी गॅस्केट कडक होतं. तबकडीवर 300 मीटर छापलंय म्हणून प्रेशर टेस्ट न करता ते घालून पोहायला जाऊ नका.

दाजींनी तसंच वापरलं. पुढच्या दिवाळीपर्यंत घड्याळ रोज काही मिनिटं मागे पडायला लागलं. शेवटी अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिलं, तर तेल सुकलेलं, गॅस्केट गेलेलं आणि एका चाकाचं टोक झिजलेलं निघालं. चाकच बदलावं लागलं. दाजी अजूनही म्हणतात, पीसच खराब लागला. पीस उत्तम होता. तो कोरडा चालवला गेला आणि हे होणार हे अण्णांनी कुठलंही मशीन न लावता, नुसतं बघून सांगितलं होतं.

तेव्हा स्टिकरची पूजा करू नका. विकणाऱ्याला सांगा, पूर्ण चावी देऊन टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून झोका मोजणाऱ्या मशीनवर, लावून दाखव. घड्याळ आडवं ठेवून झोका 270 अंशांच्या आसपास हवा, 200 च्या घरात असेल तर सर्व्हिसिंग अटळ आहे. मशीन लावायला नाही म्हणाला तर उठून या. किंमत योग्य आहे का ते मॉडेल सांगितल्याशिवाय कोणीही सांगू शकणार नाही, आणि ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

हो, अधिकृत विक्रेत्याने आजच्या तारखेचं कार्ड तुमच्या नावाने भरून दिलं तर गोष्ट वेगळी. गॅरंटी विक्रीच्या तारखेपासून धरतात. रोलेक्सची 2015 पासून आणि ओमेगाची 2018 पासून ती 5 वर्षांची आहे, मग माझा निम्मा आक्षेप मिटतो. बाहेरच्या दुकानदाराकडच्या कार्डावर मात्र बहुधा जुनीच तारीख असते, ती आधी बघा. क्वार्ट्झ असेल तर आतला सेल गळलाय का ते झाकण उघडूनच बघायचं. नव्वदच्या दशकातलं असून तबकडीवर खालच्या कडेला ‘टी’ अक्षरं असतील तर काट्यांवर ट्रिटियम, म्हणजे अंधारात चमकवणारा किरणोत्सारी पदार्थ, आहे. त्याचं तेज साधारण 12 वर्षांत निम्मं होतं, म्हणजे आता अंधारात दिसणार नाही. ते खराबी म्हणून धरू नका.

आणि दुर्मिळ मॉडेल लॉकरमध्ये ठेवून पुढे विकायचंच असेल, तर स्टिकरला पैसे मिळतात, एवढं दाजींचं बरोबर आहे. पण दाजींनी ते मनगटावर घालायला घेतलं होतं.