वीस वर्षांची मुलगी कंपन्यांना काय सल्ला देणार?

सायली (नाव बदललं आहे) नागपूरच्या एका खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती तेव्हा करिअरबद्दल विचारायला वडिलांसोबत माझ्याकडे आली. तिला कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना त्यांच्या अडचणींवर सल्ला देणाऱ्या फर्ममध्ये जायचं होतं. काळजी एकच: ‘सर, माझं कॉलेज आयआयटी नाही. मग नुसती स्वप्नं बघण्यात काय अर्थ आहे?’ वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. ‘वीस वर्षांची पोट्टी मोठमोठ्या कंपन्यांना काय सल्ला देणार जी? सल्ला तर अनुभवाचा असते.’

मी वडिलांचा प्रश्न आधी घेतला, कारण तो जास्त मुळाशी जाणारा होता. कन्सल्टिंगमध्ये नव्यानं लागलेल्या मुलांना कोणी सल्ला द्यायला बसवत नाही. ग्राहक कंपनीच्या गोदामात, दुकानात, कारखान्यात जायचं, तिथल्या माणसांशी बोलायचं, आकडे गोळा करून एक्सेलमध्ये मांडायचे, त्यातून काय दिसतं ते स्लाइडवर लिहायचं, ही त्यांची पहिली काही वर्षं. अनुभवाचा भाग मॅनेजर आणि पार्टनर (फर्मचे भागीदार) सांभाळतात. रात्री उशिरापर्यंत काम असतं, आठवडे आठवडे परगावी राहावं लागतं, आणि बऱ्याच मोठ्या फर्ममध्ये ठरावीक काळात बढती मिळाली नाही तर दुसरी नोकरी शोधायला सांगतात. हे घरच्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

मग सायलीला विचारलं, ‘नागपुरात एका उन्हाळ्यात कूलरच्या किती ताट्या (बाजूला लावायचे, पाण्यानं भिजणारे पॅड) विकल्या जात असतील?’ ती गोंधळली. मोबाईलकडे हात गेला, तो मी थांबवला. कन्सल्टिंगच्या मुलाखतींत असे प्रश्न खरोखर विचारतात, आणि बरोबर आकड्यापेक्षा तो काढायची वाट बघतात. तिनं कागद घेतला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाख, आता ३० धरू. घरात चार माणसं, म्हणजे साडेसात लाख घरं. दहापैकी सात घरांत कूलर, म्हणजे सव्वापाच लाख. प्रत्येकाला तीन ताट्या, म्हणजे पंधरा-सोळा लाख. इथं ती थांबली आणि स्वतःच म्हणाली, ‘पण आमच्याकडे दरवर्षी कुठे बदलतो? आणि ऑफिसं, होस्टेलं राहिलीच की!’ वडील मध्येच बोलले, ‘हनीकोंब पॅडचे कूलरवालेही आहेत, त्यांना वुडवूलची ताटी लागतच नाही.’ मला मनापासून आनंद झाला. आपण काय धरून चाललो आणि काय सुटलं, हे स्वतःला विचारता येणं या कामात सगळ्यात मोलाचं.

तिला मी एक काम दिलं. कंपन्यांची नावं जरा बाजूला ठेव, ओळखीतला एखादा छोटा धंदा निवड आणि त्याची एक अडचण सोडवून दाखव. तिनं बजाजनगरातली, ती जिथं डबा लावते ती मेस घेतली. मेसवाल्या काकूंची तक्रार होती की जेवायला येणारी मुलं वाढली, पण हातात काही उरत नाही. सायली दोन आठवडे रोज जेवण आटोपल्यावर उरलेलं अन्न मोजत बसली. शनिवार-रविवारी वर्धा, अमरावती, यवतमाळची मुलं घरी जातात, स्वयंपाक मात्र तेवढाच होतो. तिनं सुचवलं, शुक्रवारपर्यंत व्हॉट्सॲपवर कळवायला सांगा. काकू ऐकेनात. सायली हिरमुसून माझ्याकडे आली. मी म्हटलं, नकार का आहे ते विचारलंस का? विचारल्यावर कळलं की जे कळवतील ते पैसे परत मागतील, अशी काकूंना धास्ती होती. मग दोघींनी मिळून ठरवलं: जो वेळेत कळवेल त्याला महिन्यातून एकदा पाहुण्याचं ताट फुकट. ते चाललं. सल्ला लागू का पडत नाही हे समोरच्याच्या तोंडून ऐकून घेणं तिला कोणत्याही पुस्तकापेक्षा इथं नीट कळलं.

आता कॉलेजचा प्रश्न. मी तिला खोटी आशा दाखवली नाही. मॅकिन्झी (१९२६ पासूनची), बीसीजी (१९६३) आणि बेन (१९७३) या तीन फर्म पदवीच्या मुलांची भरती मुख्यतः मोजक्या कॅम्पसवरून करतात: आयआयटी, दिल्लीची काही कॉलेजं. आपल्याकडून थेट तिथं पोचणं अवघड आहे. पण कन्सल्टिंग म्हणजे फक्त या तिघी नव्हेत. डेलॉइट, ईवाय, पीडब्ल्यूसी, केपीएमजी यांचं काम कितीतरी पसरलेलं आहे: करापासून तंत्रज्ञानापर्यंत. एखाद्या कारखान्यात नवी संगणक प्रणाली बसवून देणं हेही कन्सल्टिंगच, आणि तिथं इंजिनिअरला मागणी असते. दुसरा रस्ता दोन-तीन वर्षं नोकरी करून एमबीएचा. २०१५ साली सुरू झालेलं आयआयएम नागपूर तर इथल्याच मिहान या औद्योगिक भागात आहे, कॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. नोकरीतला अनुभव तेव्हा मुलाखतीत बोलायला कामी येतो.

सायलीनं पहिली नोकरी आकडेवारीच्या विश्लेषणाची शोधायची आणि कॅट नंतर द्यायची असं ठरवलं. मेसचं काम तिनं बायोडेटात प्रोजेक्टांच्या वर लिहिलं आहे, माझ्या सांगण्यावरूनच. वडिलांनी निघताना एमबीएच्या कर्जाचं विचारलं. मी म्हटलं, कॅटचा निकाल लागल्यावर कॉलेज कोणतं मिळतं ते बघून बसू, आत्तापासून बँकेच्या चकरा नकोत.